शेपटीला चाक की स्किड? या चुका टाळा

खान्देशात आरसी (रेडिओ रिमोटवर चालणारं छोटं) विमान उडवणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना सिमेंटची धावपट्टी मिळते. शाळेचं मैदान, नाहीतर ज्वारी काढून मोकळं झालेलं रान. तरीही किटमध्ये आलं म्हणून टेलव्हील, म्हणजे शेपटीखालचं छोटं चाक, लावलं जातं, आणि पहिली चूक इथेच होते. वीस-पंचवीस मिलिमीटरचं चाक काळ्या मातीच्या भेगेत बसतं, धसकटाला अडतं. फोमचं असेल तर त्यात सराटे रुततात. किलोभराच्या आतल्या विमानाला अशा जमिनीवर मी स्किडच, म्हणजे चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारा पाय, लावतो: दीड मिलिमीटरची पियानो वायर (कडक पोलादी तार), टोक मागे आणि वर वळवलेलं. टोक सरळ खाली ठेवू नका, ते फाळासारखं रुततं. स्किड मातीवर घासते, त्यामुळे शेपूट मागेच राहते आणि उतरल्यावर विमान लवकर थांबतं. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमललाही स्किडच होती. मैदानं गवताची होती आणि चाकांना ब्रेक नव्हते.

सिमेंटवर मात्र हट्ट करू नका. तिथे स्किड नुसती सरकते आणि वारा विमानाला हवं तसं वळवतो. तिथे चाकच हवं.

चाक लावताना ते रडरला (शेपटीच्या उभ्या, विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीला) ताठ तारेने जोडलं, की उतरतानाचा प्रत्येक दणका तिच्या बिजागऱ्यांवर आणि सर्व्होवर (ती फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) जातो. माझ्या एका सर्व्होचे प्लास्टिकचे दाते असेच गेले. दोन्ही बाजूंना हलक्या स्प्रिंगा द्या, आणि चाक रडरपेक्षा कमी वळेल असं बघा. नाहीतर वेगात रिमोटची काठी जरा हलवली की विमान आडवं पळतं.

“भाऊ, टेकऑफला गिरकी घेतं, चाक बदलू का?” हे मला सर्वांत जास्त विचारलं जातं. आधी पुढची चाकं बघा. विमान सपाट धरल्यावर त्यांचा आस साधारण पंखाच्या पुढच्या कडेखाली यावा. फार पुढे गेला तर गिरकी वाढते, फार मागे आला तर विमान नाकावर आपटतं. दोन्ही चाकं समोर किंचित आत वळलेली असावीत. मग हाताची सवय तपासा: धावताना सुरुवातीला एलेव्हेटर (शेपटीची आडवी फळी) वर धरून शेपूट जमिनीला दाबून ठेवायची, वेग आल्यावर हळूहळू सोडायची. ती घाईने उचलली तर चाक असो वा स्किड, पकड जाते.

वजन विसरू नका. शेपूट गुरुत्वमध्यापासून 60 सेंटीमीटर मागे आणि बॅटरी 20 सेंटीमीटर पुढे असेल, तर शेपटीवर वाढलेल्या 10 ग्रॅमसाठी नाकात 30 ग्रॅम घालावे लागतात.

माझ्या विमानाला शेपटीखाली प्लायचा छोटा तुकडा आणि दोन स्क्रू आहेत. रानात जाताना स्किड, पक्क्या जागी जाताना चाक. बदलायला पाच मिनिटं लागतात.