सेशन संपलं की युजरला नुसतं लॉगिनवर ढकलू नका

बऱ्याच प्रोजेक्टमध्ये एक मिडलवेअर असतं, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी तपासणारा कोड, सेशन (युजर लॉगिन आहे याची नोंद) नाही दिसलं की ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जा असं सांगणारा स्टेटस कोड) देऊन लॉगिनवर पाठव, विषय संपला. नुसती पेजं बघायची असतील तर चालून जातं. पण युजरने मोठा फॉर्म निवांत भरून सेव्ह दाबलं आणि समोर लॉगिन आलं, तिथून आत गेला तर डॅशबोर्ड, आणि फॉर्म गायब, मग तो जे काही म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. म्हणून रिक्वेस्ट कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघा, उत्तर त्यावरून ठरवा.

साधं पेज उघडलं असेल तर रिडायरेक्टच करायचं, फक्त परत कुठे यायचं तो पत्ता सोबत द्यायचा, बहुतेक जण त्याला नेक्स्ट किंवा रिटर्न यूआरएल म्हणतात. तो पत्ता युजरच्या हातातला आहे, डोळे झाकून त्यावर पाठवलंत तर कोणीही तुमच्या खऱ्या लॉगिन लिंकला स्वतःची फसवी साइट जोडून वाटत सुटेल. स्लॅशने सुरू होतोय ना, एवढं बघून भागत नाही, कारण दोन स्लॅश किंवा स्लॅशला लागून बॅकस्लॅश असेल तर ब्राउझर तो दुसऱ्याच डोमेनचा पत्ता समजतो. पत्ता नीट पार्स करा, ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) आपलंच आहे का ते जुळवा, नसेल तर गपचूप होमपेजवर पाठवा. आणि हो, हॅशच्या पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, तो हवा असेल तर फ्रंटएंडलाच जपावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फेचने, म्हणजे पेज न बदलता जावास्क्रिप्टमधून, गेलेल्या रिक्वेस्टमध्ये. बॅकएंडने ३०२ दिला की फेच स्वतःच त्याच्या मागे जातं, लॉगिन पेजचं एचटीएमएल घेऊन येतं, स्टेटस दिसतो २००, आणि तुमचा कोड ते जेसन (डेटा पाठवायचा फॉरमॅट) समजून वाचायला जातो, मग कन्सोलमध्ये अनपेक्षित टोकन वगैरे एरर येते आणि सेशन संपलंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एपीआयने रिडायरेक्ट द्यायचाच नाही, सरळ ४०१ (आधी लॉगिन करा) द्यायचा. ४०३ नको, तो लॉगिन आहे पण परवानगी नाही यासाठी. फ्रंटएंडला सगळ्या रिक्वेस्ट एकाच फंक्शनमधून जाऊ द्या आणि ४०१ तिथेच पकडा. एका पेजवरून पाच रिक्वेस्ट गेल्या असतील तर पाच ४०१ येतील, तेव्हा लॉगिनची खिडकी एकदाच उघडेल किंवा लॉगिनचं टोकन एकदाच रिफ्रेश होईल असं बघा, बाकीच्यांना तोवर थांबवून ठेवा. जमलं तर पेज न बदलता त्याच जागी लॉगिन मागा, युजरचं काम जागच्या जागी राहतं.

फॉर्म पोस्ट होताना सेशन गेलं असेल तर पोस्टचा पत्ता नेक्स्टमध्ये टाकू नका, लॉगिननंतर ब्राउझर तिथे गेटने (साधं पेज मागितल्यासारखा) जाईल आणि ४०५ (ही पद्धत इथे चालत नाही) खाईल. फॉर्मच्या पेजचा पत्ता द्या. भरलेली माहिती मधून मधून सेशनस्टोरेजमध्ये (ब्राउझरची त्या टॅबपुरती साठवण) ठेवत राहा, पासवर्ड आणि कार्ड नंबर सोडून, आणि सोबत युजर आयडी लिहा, म्हणजे लॉगिन दुसऱ्याच कोणी केलं तर आधीच्याचा मसुदा त्याला दिसणार नाही. सीएसआरएफ टोकनही (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) बहुधा सेशनबरोबरच बाद झालेलं असतं, नवीन घ्या. लॉगिन झालं की सेशन आयडी बदला, ते सुरक्षेसाठी.

स्टेटस कोड निवडताना दोनच गोष्टी. पोस्ट नीट झाल्यावर ३०३ (आता हे पेज गेटने उघड) द्या, म्हणजे रिफ्रेश केल्यावर फॉर्म परत जात नाही. लॉगिनकडे पाठवायला ३०१ (कायमचा रिडायरेक्ट) कधीच नको, ब्राउझर तो कॅश करून ठेवू शकतो आणि मग लॉगिन झालेला माणूसही लॉगिनवरच जात राहतो.

ब्राउझरमध्ये टू मेनी रिडायरेक्ट्स दिसलं तर आधी लॉगिन पेजच त्या मिडलवेअरमागे नाही ना ते बघा. ते ठीक असेल तर मग कुकी. साइट एचटीटीपीवर आणि कुकी सिक्युअर (फक्त एचटीटीपीएससाठीची) असेल तर ती ठेवलीच जात नाही, बाहेरच्या प्रोव्हायडरकडून लॉगिन करून परत येताना सेमसाइट स्ट्रिक्टवाली कुकी पाठवली जात नाही, तिथे लॅक्स (त्याच सेटिंगचा सैल पर्याय) लागतं. प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) ॲप असेल तर ॲपला रिक्वेस्ट एचटीटीपीच दिसते, ते एचटीटीपीएसकडे पाठवतं, प्रॉक्सी परत एचटीटीपीने आणतं, आणि हे चालूच. त्यासाठी फॉरवर्डेड प्रोटो हेडरवर (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपी होती की एचटीटीपीएस ते तो सांगतो) विश्वास ठेवायची सेटिंग असते, पण फक्त तुमच्या प्रॉक्सीपुरती चालू करा.

टाइमआउट किती आहे तेही एकदा उघडून बघा, पीएचपीत जुनी सेशन साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्शनची मूळ मर्यादा १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं असते, जँगोत सेशनची कुकी मुळात दोन आठवडे टिकते, आणि लोकांना वाटत असतं आपण काहीतरी ठरवलंय.

टेस्ट करायला टाइमआउटची वाट बघत बसू नका. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून सेशन कुकी उडवा आणि पेज रिफ्रेश, सेव्ह, फेच तिन्ही करून बघा, मग दोन टॅब उघडा, एकात लॉगआउट करा आणि दुसऱ्यात सेव्ह दाबा.