कॉलेजच्या वेबसाइटचं काम हाती आलंय? मग हे वाचून घ्या

कमवा व शिका योजनेत बहुतेकांच्या वाट्याला ग्रंथालय, बाग, नाहीतर प्रयोगशाळेतली भांडी येतात. ज्याचं एमएस-सीआयटी झालंय आणि टायपिंग बरं आहे, त्याला मात्र ऑफिसशेजारच्या खोलीत बसवतात आणि सांगतात, "आजपासून वेबसाइट तू बघायची." मला असंच बसवलं. तालुक्याच्या गावातलं कॉलेज आणि मी बीए मराठीची विद्यार्थिनी. नोटीस चढवायची, स्नेहसंमेलनाचे फोटो टाकायचे, कार्यक्रमाचा व्हिडिओ करायचा, सभागृहातला प्रोजेक्टर लावायचा, प्राचार्यांच्या केबिनमधला प्रिंटरही आपणच बघायचा. शिकवायला कुणी नसतं. सुरुवातीचे महिने जड जातात, रडूही येतं. तुमचंही तसं होत असेल तर तुम्ही कमी पडताय असं समजू नका. एका माणसाकडे चार माणसांचं काम दिलेलं असतं.

एचटीएमएल म्हणजे काय, वर्डप्रेसमध्ये लॉगिन कसं करायचं, हे इथे लिहीत नाही. ते कुठेही मिळतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे फुकट आहेत आणि त्यातले बरेच मराठीतून ऐकता येतात. हजारो रुपये भरून 'तीस दिवसांत वेब डिझायनर' करणारे क्लास लावू नका. माझं मत कडक आहे, पण ते बदललेलं नाही. उचलून ठेवायच्या ठोकळ्यांनी पान बांधणारे प्लगिनही सुरुवातीला नकोत. आधी साधं एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहा, एक शीर्षक, एक तक्ता, एक यादी. ठोकळ्यांचं पान मोबाइलवर फुटलं की कुठे बघायचं हे हाताने लिहिलेल्यालाच कळतं. एआयकडून कोड मागायचा तर मागा, पण प्रत्येक ओळ काय करते हे त्यालाच विचारा आणि समजल्याशिवाय चिकटवू नका. परीक्षेच्या निकालाचं पान बंद पडलं की जबाब तुम्हाला द्यायचा असतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. मराठी फाँट. माझे सगळ्यात जास्त दिवस यात गेले आणि आधी कुणीही सावध केलं नाही, म्हणून जरा लांबवते.

ऑफिसमधून नोटीस वर्डच्या फाइलमध्ये येते. ऑफिसच्या संगणकावर ती सुरेख दिसते. तुम्ही ती उचलून वेबसाइटवर चिकटवता आणि तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. फाइल बिघडलेली नसते, व्हायरसही नसतो. ती युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. त्या फाँटांनी एक युक्ती केली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. कृतिदेव या अशाच एका जुन्या फाँटमध्ये 'मराठी' लिहिलं, तर संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेव जिथे असेल तिथेच डोळ्यांना 'मराठी' दिसतं. छापखान्यासाठी ही युक्ती पुरेशी होती, कारण कागदावर फक्त चित्र जायचं. वेबसाइटवर मजकूर जातो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तिथे म हा कोणत्याही फाँटमध्ये म च राहतो.

इथवर पुष्कळांना कळतं. खरा सापळा पुढे आहे. कचरा दिसला की आजूबाजूचे सगळे एकच उपाय सांगतात, "पीडीएफ करून टाक की." पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो, त्यामुळे सगळीकडे अक्षरं नीट दिसतात. प्राचार्य खूश, ऑफिसातले टायपिंग करणारे भाऊसाहेब खूश. मीही तेच करत होते आणि प्रश्न सुटला असं धरून चालले होते. पण आतली अक्षरं अजून इंग्रजीच आहेत. 'शिष्यवृत्ती' असं शोधलं तर ती नोटीस सापडणार नाही, गुगललाही नाही आणि फाइल उघडून बसलेल्या मुलालाही नाही.

माझ्या वर्गात एक अंध मैत्रीण होती. फोनवर टॉकबॅक लावून ती सगळं ऐकायची. महाडीबीटीच्या अर्जाची शेवटची तारीख आम्ही अशाच पीडीएफमध्ये टाकली होती. ती फोन कानाशी धरून परत परत बोट फिरवत होती आणि फोन अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं वाचत होता. तिने मला विचारलं, "यात मराठी कुठंय गं?" स्क्रीनवर मला स्वच्छ मराठी दिसत होतं. वेबसाइट दिसते कशी याआधी ती वाचते कशी हे बघायचं, हे मी त्या दिवसापासून धरलं.

म्हणून आलेली प्रत्येक फाइल अशी तपासा. एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक. कचरा आला तर फाइल जुन्या फाँटची आहे, मग ती कितीही देखणी असो. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही कॉपी करताना जोडाक्षरं कधी कधी तुटतात. तेव्हा नोटिशीचा मजकूर थेट पानावर टाका आणि सही-शिक्क्याची पीडीएफ खाली जोडा. नोटिशीचा नुसता फोटो टाकणं तर त्याहून वाईट, त्यात मजकूर नसतोच.

जुना फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. वापरा, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुना फाँट डोळ्यांना जसं डावीकडून उजवीकडे दिसतं तसं साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'वार्षिक' घ्या. जुन्या पद्धतीत आधी पहिली वेलांटी, मग ष, मग वरचा रफार. युनिकोडमध्ये आधी र आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण), मग ष, मग वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की कन्व्हर्टर अडखळतो, म्हणून वार्षिक, आर्थिक, विद्यार्थिनी हे शब्द आधी तपासायचे. मजकुरात मधेच ईमेल पत्ता असेल तर त्याचंही तो देवनागरी करून टाकतो. ते पत्ते बाजूला काढून ठेवायचे आणि शेवटी हाताने भरायचे.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती मराठीवाल्यांच्याच वाट्याला येते. 'दुसऱ्या फेरीची यादी' यातला ऱ्या दोन प्रकारे साठवला जातो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, पण साइटवरच्या शोधात एक टाकलं की दुसरं सापडेलच असं नाही. ते अदृश्य चिन्ह वाटेत गळालं तर 'दुसर्या' असा रफार उमटतो आणि मराठीचे सर बरोबर तिथेच बोट ठेवतात. इनस्क्रिप्ट या युनिकोडच्या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट दाबून जे मारलं की टिंबाचा ऱ येतो. पूर्ण साइटवर तोच ठेवा.

शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. वर्डप्रेसमध्ये सेटिंगमधून साइटची भाषा बदलली तरी होतं. त्यावरून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. आणि काही फाँटांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आत ठेवलेली असतात, ती भाषा मराठी नोंदवली तरच बाहेर येतात. फाँटसाठी पैसे घालवू नका. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' आणि 'टिरो देवनागरी मराठी' हे दोन्ही गुगल फाँट्सवर फुकट आहेत.

हे सगळं मुळातून थांबवायचं तर ऑफिसने युनिकोडमध्ये टाइप करायला हवं. इथे नवीन मुलं उतावीळ होतात आणि भाऊसाहेबांना इनस्क्रिप्ट शिकवायला जातात. तसं करू नका. मराठी टायपिंग ४० झालेला माणूस, वीस वर्षं टायपरायटरच्या कळपाटीवर हात बसलेला, तो तुमच्या सांगण्यावरून बोटं बदलणार नाही आणि त्याने बदलावीत तरी का? टायपरायटरचीच म्हणजे रेमिंग्टन कळपाटी युनिकोडमध्येही मिळते. ती त्यांच्या संगणकावर बसवून द्या आणि एक नोटीस त्यांच्या शेजारी बसून करून घ्या. आमच्या ऑफिसात ज्या दिवशी हे जमलं, त्या दिवसापासून माझं निम्मं काम कमी झालं.

भाऊसाहेबांवरून आठवलं. मेंटॉर शोधत फिरणारी मुलं मला भेटतात. पुण्यातल्या कंपनीतला कुणी दादा ऑनलाइन मार्गदर्शन करेल म्हणून महिनोन् महिने वाट बघतात. माझा अनुभव असा की या कामातले खरे गुरू ऑफिसच्या खिडकीत बसलेले असतात. जून महिन्यात मुलं खिडकीवर येऊन काय विचारतात ते त्यांना पाठ असतं. बोनाफाइडला काय लागतं, टीसी कधी मिळेल, हॉल तिकीट कुठून घ्यायचं. तीच यादी तुमच्या मुखपृष्ठाची यादी. मी अर्धा दिवस खिडकीपाशी नुसती उभी राहिले आणि वही भरली. मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो आणि सरकती पट्टी होती, मुलांना हवं ते तीन क्लिक खाली होतं. सरकती पट्टी काढायला विरोध होतो. तेव्हा सांगा की सुगम्यतेच्या (अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या) आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीनुसार, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारी गोष्ट थांबवण्याची सोय लागते. त्याच निकषांत साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक मागितलाय. भगव्यावर पिवळी अक्षरं त्यात बसत नाहीत. मोजणारी साधनं ऑनलाइन फुकट आहेत, वाद घालण्यापेक्षा आकडा दाखवा.

फोटोंचं थोडक्यात. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. स्नेहसंमेलनाचे चाळीस फोटो तसेच टाकले तर एक पान दीडशे एमबीच्या वर जातं, म्हणजे रोजच्या दीड जीबी डेटातला दहावा हिस्सा फक्त आपल्या पानावर. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, २०० केबीच्या आत ठेवा. प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर (ऑल्ट टेक्स्ट), म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिहा. आणि मुलींचे फोटो टाकण्याआधी त्यांना विचारा. कार्यक्रम कॉलेजचा असला तरी चेहरा तिचा आहे. यात मी कुणाचंही 'चालतंय गं' ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

व्हिडिओत चित्रापेक्षा आवाज सांभाळा. डळमळतं चित्र लोक बघतात, न ऐकू येणारं भाषण पहिल्याच मिनिटाला बंद करतात. साउंडवाल्या दादांशी आधी बोलून मिक्सरमधून आवाज घ्या, नाहीतर दुसरा फोन रेकॉर्डिंगवर टाकून पोडियमवर ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज जुळवायला तीच उपयोगी पडते. सभागृहात चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. पार्श्वभूमीला सिनेमातलं गाणं लावू नका, यूट्यूबवर हक्काचा दावा येतो आणि आवाजही जाऊ शकतो.

आणि जिथे हात लावण्याआधी दहादा विचार करायचा ती गोष्ट म्हणजे जुने दुवे (लिंक). नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, पाठवलेल्या वार्षिक अहवालात वेबसाइटवरच्या कागदांचे पत्ते दिलेले असतात. साइट 'स्वच्छ' करायच्या उत्साहात फोल्डरची नावं बदलली की ते पत्ते मरतात. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना विचारल्याशिवाय एकाही जुन्या फाइलचं नाव बदलू नका. बदलावंच लागलं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणी (रीडायरेक्ट) लावा. घाबरवत नाही, एकदा सवय लागली की हे सोपं आहे.

तुम्ही दोन-तीन वर्षांत जाणार, साइट राहणार. पासवर्ड स्वतःच्या ईमेलवर ठेवू नका, कॉलेजच्या ईमेलवर ठेवा. साइटचा पत्ता एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन असेल तर त्याची नोंदणी अर्नेट इंडियाकडे असते. नूतनीकरणाची तारीख आणि ती सूचना कोणाच्या ईमेलवर येते हे वहीत लिहून ऑफिसात द्या. आमच्याकडे ही सूचना कॉलेज सोडून गेलेल्या एका दादाच्या ईमेलवर जात होती आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत साइट बंद पडली होती.

जाण्याआधी प्राचार्यांकडून अनुभवपत्र घ्या. त्यात 'संगणकाचे काम केले' असं मोघम नको. युनिकोडमध्ये बदललेल्या नोटिसा, बांधलेली पानं, संपादित केलेले व्हिडिओ, असं नेमकं लिहून घ्या. मसुदा तुम्हीच करून न्या, सर सही करतात. तुम्ही केलेल्या पानांची चित्रं परवानगी घेऊन स्वतःकडे ठेवा, कारण पुढच्या वर्षी नवीन मुलगा येऊन ती बदलणार आणि मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे काही उरणार नाही. गुणवत्ता यादी, फोन नंबर, आधारचे तपशील असलेली एकही फाइल मात्र सोबत नेऊ नका. पेनड्राइव्ह ऑफिसातच रिकामा करा आणि भाऊसाहेबांना दाखवून मगच बाहेर पडा.