पॉलिशिंग मशीनने गाडीवरचे ओरखडे काढायचे तर

आधी ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं, तर तो खोल आहे. तिथे हट्ट नको, टचअप (ओरखड्यापुरता रंग भरणं) किंवा पेंटिंग बघा. रंगावरचा पारदर्शक क्लिअरकोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा कायमचा जातो.

आमच्या नाशिकच्या अंबडकडे गाड्यांवर धूळ बसते आणि लोक ती कोरड्या फडक्याने झटकतात. निम्मे बारीक गोल ओरखडे तिथेच पडतात, हे बघून खरंच जीव तुटतो. म्हणून भरपूर पाण्याने, शाम्पूने धुवा, मग क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा. काम सावलीत, बोनेट गार असताना. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात पॉलिश पॅडवरच सुकतं.

नवख्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं, म्हणजे ज्याचं पॅड गोल फिरता फिरता हलतंही. रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, एका जागी थांबलं की रंग जळतो. दाराच्या कडा, बोनेटची धार, प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा; कडेला थर पातळ असतो.

फोम पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. आधी सौम्य पॉलिशच, दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यावर. पॅड टेकवूनच मशीन सुरू करा, कमी वेगात पसरवा, मग वेग वाढवून आडवे-उभे सावकाश हात फिरवा. मशीनच्या वजनापेक्षा किंचित जास्त दाब पुरे. मायक्रोफायबरने पुसून टॉर्च तिरकी धरून बघा. ओरखडे दिसले तरच कंपाऊंड (जास्त घासणारं पॉलिश), आणि त्यानंतर पुन्हा सौम्य पॉलिश. पॅड अधूनमधून ब्रशने साफ करा. शेवटी वॅक्स.