खडकीची लढाई टेबलावर: दलदल लपवायची कशी

पुण्यात मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळणं, करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी खडकी मांडावीशी वाटतेच. रणभूमी घरची आहे. विद्यापीठाच्या फाटकापासून खडकी बाजारापर्यंत दुचाकीवर चक्कर मारली तरी अंतरांचा अंदाज येतो. पेशवे आणि इंग्रज यांच्यातली ५ नोव्हेंबर १८१७ची ही लढाई दुपारी चारच्या सुमारास पेटली आणि अंधार पडल्यावर थांबली, त्यामुळे रविवारच्या एका बैठकीत ती आरामात खेळून होते. बहुतेकांची गाडी अडते ती मराठ्यांच्या घोडदळाचा घात करणाऱ्या दलदलीपाशी, आणि तिच्याबद्दल मिळणारे सल्ले इतके वाईट असतात की हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहितो आहे. बाकीची तयारी तुम्हाला येते असं धरून भराभर सांगतो.

टेबल सहा बाय चार फुटांचं, म्हणजे साधारण १८० बाय १२० सेंमी. १ सेंमी म्हणजे २५ मीटर धरा, साडेचार बाय तीन किलोमीटरचा मुलूख बसतो. दक्षिणेच्या कडेला गणेशखिंड, उत्तरेला खडकी. दापोडी टेबलाबाहेर ठेवा. कॅप्टन फोर्डची पलटण तिथून इंग्रजांच्या उजव्या बाजूला येऊन मिळाली, तेव्हा ती दुसऱ्या फेरीत त्या कडेने आत आणा. एक फेरी म्हणजे पंधरा मिनिटं, एकूण आठ फेऱ्या. नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून नववी फेरी मागणाऱ्याला ती देऊ नका.

मिनिएचर ज्यावर चिकटवायचे तो तळाचा तुकडा म्हणजे बेस. ६ सेंमी रुंदीचा एक बेस म्हणजे ५०० माणसं. पेशव्यांकडे सुमारे १८,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ होतं, त्याचे झाले ३६ आणि १६ बेस. इंग्रजांकडची जेमतेम २,८०० माणसं सहा बेसमध्ये संपतात. घोडदळाचे ३६ बेस शेजारी शेजारी लावले तर दोन मीटरच्या वर जातात, टेबलावर मावत नाहीत, आणि ते तसंच हवं. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांची खरी अडचण इथेच कळते: एवढं दळ एकाच वेळी कामाला लावायला समोर जागाच नसते.

सोळा-वीस मिनिएचर आहेत म्हणून २८ मिमीत (म्हणजे २८ मिमी उंचीच्या सैनिकांत) खडकी मांडायला जाऊ नका. त्या मापात एका बेसवर दोनच घोडेस्वार बसतात आणि फौज गस्तीच्या तुकडीएवढी दिसते. १० किंवा १५ मिमी घ्या, धातूचे घ्या नाहीतर रेझिनमध्ये थ्री-डी प्रिंट करून घ्या. बेससाठी एमडीएफ लेझरने कापून मिळतं. रंग अ‍ॅक्रेलिकच. एक विनंती मात्र कळकळीने करतो, सगळे मराठे भगव्या रंगात रंगवू नका. शिलेदार आपापल्या कपड्यांत आणि आपापल्या घोड्यावर येत. पांढरं, मळकं, निळं, तांबडं, जे असेल ते अंगावर असे. जरीपटका, म्हणजे पेशव्यांचं निशाण, एकच असतो आणि बाकीची फौज साधी असेल तरच तो नजरेत भरतो. मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरट साय धरते.

पायदळाची चाल १२ सेंमी, घोडदळाची २४, एल्गाराची ३२. बंदुकीचा मारा ४ सेंमी, म्हणजे १०० मीटर. तोफेचा छर्रा १२ सेंमीपर्यंत.

दलदल

आधी काय घडलं ते नीट लक्षात घ्या, कारण नियम त्यातूनच निघतात. इंग्रजांच्या डाव्या टोकाला सातव्या रेजिमेंटची पलटण होती. तिच्यावर पेशव्यांची डी पिंटोची कवायती पलटण चालून आली. ती मागे रेटली गेली तेव्हा सातवीचे शिपाई तिच्या पाठीवर धावले आणि त्यांची रांग मोडली. बापू गोखल्यांनी ते हेरलं आणि निवडक घोडदळ त्या उघड्या पलटणीवर सोडलं. संधी अचूक टिपली होती. पण मधे खोल चिखलाचा पट्टा होता आणि तो दोन्ही बाजूंना माहीत नव्हता. पुढचे घोडे त्यात रुतले, मागचे त्यांच्यावर येऊन आदळले, आणि इंग्रजांचा सेनापती कर्नल बर याने तोवर गोळी राखून ठेवायला लावलेल्या पलटणीने जवळून फैर झाडली.

‘दोन्ही बाजूंना माहीत नव्हता’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. आणि आज टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला तो पट्टा माहीत असतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे. त्यामुळे गोखले होणारा गडी घोडदळ डावीकडे नेतच नाही, लांबून वळसा घालतो, आणि मग जी लढाई होते तिचा खडकीशी काही संबंध उरत नाही.

यावर मिळणारे सल्ले तीन. पहिला: टेबलावर तपकिरी डाग ठेवा आणि खेळाडूंना ‘माहीत नाही असं समजा’ म्हणा. माणूस माहीत असलेलं विसरू शकत नाही, आणि जो प्रामाणिकपणे विसरायला जातो तोच हरतो. दुसरा: घोडदळ एल्गार करेल तेव्हा फासा टाका, १ पडला तर दलदल. मग दलदल जमिनीत नसून फाशात असते. टेकडीच्या माथ्यावरही चिखल निघतो, आणि जमीन वाचायची जी अक्कल या खेळात लागते तिचं काम संपतं. तिसरा: लढाईचं नाव आणि देश बदलून मांडा. पुण्यात हे चालत नाही. इकडे वाडा, तिकडे नदी, समोर लाल डगलेवाल्यांची छोटी फौज आणि भोवती अफाट घोडदळ एवढं पाहिलं की कोणीही ओळखतो.

मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. इंग्रजांच्या फळीसमोर, ८ ते २० सेंमी अंतरावर, सखल जमिनीच्या पाच पट्ट्या ठेवा. प्रत्येकी साधारण १५ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद. दोन डावीकडे, दोन मधे, एक उजवीकडे. ओढ्यानाल्यांच्या त्या मुलखात अशा पाच जागा असणं कोणाला खटकत नाही. आता सात चिठ्ठ्या करा: चारांवर ‘कोरडी’, दोनांवर ‘ओली’, एकीवर ‘खोल’. एकसारख्या पाकिटांत घालून पिसा. पाच पाकिटं पाच पट्ट्यांखाली सरकवा, उरलेली दोन न उघडता डब्यात टाका.

उरलेल्या दोन पाकिटांवर सगळं अवलंबून आहे. सातांतल्या दोन वेळा ‘खोल’ चिठ्ठी डब्यातच राहते आणि टेबलावर जीवघेणी दलदल कुठेच नसते. असली तरी ती डावीकडेच असेल असं नाही. त्यामुळे डावीकडून एल्गार करणं हा पुन्हा खरा निर्णय होतो, गोखल्यांपुढे होता तसा. ‘खोल चिठ्ठी टेबलावर हवीच, नाहीतर इतिहास बदलतो’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. चिखल नक्की आहे हे ठाऊक असलं की एकही शहाणा माणूस घोडा घालणार नाही, आणि एल्गारच झाला नाही तर इतिहास त्याहून जास्त बदलतो.

पाकिटांत काय आहे ते पंचालाही माहीत नसावं. यावर मी ठाम आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायस्विट्झचा युद्धखेळ आला तेव्हापासून पंचाने सगळं जाणायचं आणि खेळाडूंना थोडं सांगायचं अशी रीत आहे, आणि बाकी बाबतींत ती उत्तमच आहे. पण आपल्या क्लबात पंच म्हणजे रोजचा मित्र असतो. घोडदळ चुकीच्या पट्टीकडे सरकलं की त्याचा श्वास बदलतो, आणि समोरचा ते बरोबर वाचतो.

तेवढीच काळजी पट्ट्या बनवताना घ्या. पाचही एकाच फेल्टच्या तुकड्यातून कापा. वर फेव्हिकॉल लावून वाळवलेला चहाचा चोथा भुरभुरवा. आसाम चहाचा बारीक चोथा मातीसारखा दिसतो, मोठ्या पानाचा नाही. वर गवताचे पुंजके, पण पाचही पट्ट्यांवर सारखेच. एखाद्या पट्टीवर चमकदार वार्निशचा ठिपका पडला तरी तिच्याकडे बोट जातं. ओला चिखल दाखवायचा मोह होणार असेल तर त्याची वेगळी चकचकीत पट्टी करून डब्यात ठेवा आणि पाकीट उघडल्यावर वर ठेवा. पाकिटाचा फुगवटाही दिसता कामा नये. जाड कार्ड नको, पातळ कागद एकदाच दुमडा.

आता पाकीट कधी उघडायचं? एखादा बेस पट्टीला टेकला की. एल्गारात असेल तर त्याला थांबता येत नाही, जे निघेल ते भोगायचं. ‘कोरडी’ निघाली तर सरळ पुढे. ‘ओली’ निघाली तर उरलेलं अंतर निम्मं आणि बेस विस्कळीत. ‘खोल’ निघाली तर बेस जागीच थांबतो आणि विस्कळीत होतो. त्याच्या मागे ४ सेंमीच्या आत असलेला प्रत्येक बेसही तसाच अडकतो, आणि बंदुकीच्या टप्प्यातल्या शत्रूला लगेच एक जादा फैर मिळते. सावरायला एक पूर्ण फेरी न हलता काढावी लागते.

मागच्या बेसचा हा नियम गाळू नका. एकदा आमच्याकडे गोखले खेळणाऱ्याने सहा बेस तीन-तीनच्या दोन ओळींत अगदी चिकटवून सोडले. टेप लावली, पुढची ओळ पट्टीला टेकली, पाकीट उघडलं, ‘खोल’. मागची ओळ दोन सेंमीवर होती. सहाही बेस एका झटक्यात अडकले आणि समोर सातवी पलटण भरलेल्या बंदुका घेऊन उभी. त्यानंतर तो खेळाडू घोडदळाच्या ओळींत नेहमी तळहाताएवढी जागा सोडतो. एल्गाराचा जोर त्याने थोडा कमी होतो, आणि ही घासाघीस प्रत्येक सेनापतीला करावीच लागते.

दलदलीत बेस मरत नाही, हेही सांगून ठेवतो. पुष्कळ जण ‘खोल’ निघाली की बेस उचलून डब्यात टाकतात. हिशोब करा. त्या दिवशी मराठ्यांचे सुमारे ५०० लोक कामी आले किंवा जखमी झाले, इंग्रजांचे ८६. आपल्या मापात मराठ्यांचं दिवसभराचं नुकसान म्हणजे एक बेस! मोडली ती शिस्त आणि एल्गाराची धार. म्हणून सगळी शिक्षा ‘विस्कळीत’ या शेऱ्यात ठेवा. दोनदा विस्कळीत झालेला बेस माघार घेतो, तिसऱ्यांदा झाला तरच टेबल सोडतो.

टेहळणीला मुभा द्या, पण ती महाग करा. घोडदळाचा एक बेस पट्टीपासून ४ सेंमीवर एक पूर्ण फेरी थांबला तर पंच पाकीट उघडतो, वाचतो आणि त्या खेळाडूलाच चिठ्ठीवर लिहून देतो. पट्टी ८ सेंमीवर असली तर तो बेस छर्र्याच्या माऱ्यात उभा असतो. आणि आठांतली एक फेरी गेली. पाचही पट्ट्या तपासत बसणाऱ्याचा सूर्य मावळतो. हाच नियम इंग्रजांनाही लावा. सातवीचे शिपाई पाठलागाला धावले तर तेही चिखलात जाऊ शकतात.

तो पाठलाग मात्र फाशावर ठेवा. समोरची पलटण मोडली की सातवीसाठी फासा टाका: १ ते ३ आला तर ती पुढे धावते आणि तिची रांग मोडते. कर्नल बरचा बेस तिला चिकटून असेल तर फक्त १ आला तरच. याने इंग्रज खेळाडू आपल्या सेनापतीला डावीकडे बांधून घेतो आणि उजवीकडे दापोडीवरून येणारा फोर्ड एकटा पडतो. पेशव्यांकडचे मोरोपंत दीक्षित फोर्डच्याच पलटणीवर चालून गेले आणि तिथे पडले.

पर्वती

पेशवे दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. पहिली तोफ आपण डागू नये असा निरोप त्यांनी धाडला, आणि तो हाती पडण्याआधीच गोखल्यांनी तोफा सुरू केल्या. यासाठी तिसरा खेळाडू घ्या, त्याला हॉलबाहेर व्हरांड्यात बसवा आणि फक्त चिठ्ठ्या लिहू द्या. पर्वतीहून गणेशखिंडीत स्वार पोचायला अर्धा तास धरा, म्हणजे निरोप दोन फेऱ्यांनी मिळतो. मिळालेला हुकूम गोखल्यांनी एक फेरी पाळायचा. हे काम कोणी मागून घेत नाही, सगळ्यांना गोखलेच व्हायचं असतं. चिठ्ठ्या टाका.

हारजीत

अंधार पडेपर्यंत इंग्रजांचे तीन बेस माघारी लावले तर मराठे जिंकले. एकही नाही लागला तर इंग्रज. मधलं काही झालं तर बरोबरी. बेस मोजून गुण देऊ नका. इंग्रजांचा जनरल स्मिथ फौज घेऊन येतच होता, १३ नोव्हेंबरला तो पुण्यात पोचला. पेशव्यांना निकाल त्याच्या आधी हवा होता आणि इंग्रजांना नुसतं टिकून राहायचं होतं.

डाव संपला की डब्यातली दोन पाकिटं उघडू नका, कितीही आग्रह झाला तरी. सातही पाकिटं पिसून तशीच ठेवा. पट्ट्या सपाट ठेवायच्या, गुंडाळल्या की चोथा सुटतो.