लहान बाथरूमसाठी मिंट हिरवा आणि राखाडी: सुरुवात राखाडीपासून करावी

मुंबई-पुण्याकडच्या कित्येक फ्लॅटमधले बाथरूम 4 फूट रुंद आणि 7 फूट लांब, किंवा त्याच्या आसपासचे असते. कमोड, बेसिन, गिझर आणि बादली ठेवण्याची जागा हे सगळे त्यातच बसवायचे असते. एवढ्या जागेत मिंट हिरवा आणि राखाडी ही जोडी फार शोभून दिसते, कारण दोन्ही रंग शांत आहेत आणि पांढऱ्या कमोड-बेसिनशी त्यांचे सहज जमते. मात्र दुकानात गेल्यावर आधी मिंटची टाइल पसंत करायची आणि मग तिच्याबरोबर जाईल असा राखाडी शोधायचा, हा नेहमीचा क्रम बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी, साबणाचा फेस, क्षार आणि पायांबरोबर येणारी माती हे सगळे सोसायचे काम राखाडीच्या वाट्याला येते. त्यामुळे तो आधी ठरवावा आणि मिंटची छटा त्याच्यावरून निवडावी.

राखाडी निवडताना दोन्ही टोके टाळावीत. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागत असेल, तर काळपट राखाडी टाइलवर, विशेषतः ती चकचकीत असेल तर, वाळलेल्या प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उठून दिसतो. अगदी फिकट राखाडीवर साबणाचा थर आणि माती दिसते. सिमेंटसारखा किंचित कणीदार पोत असलेला मधला राखाडी हे दोन्ही झाकून घेतो. जमिनीसाठी मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, फिनिशची व्हिट्रिफाइड (पाणी फारच कमी शोषणारी) टाइल घ्यावी आणि ती ओल्या पायाला घसरत नाही ना, हे दुकानातच पाणी टाकून पाहावे. तिचा आकार 1 फूट बाय 1 फूट असावा, त्याहून मोठा नको. लहान टाइलमुळे नाहणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जाण्याच्या जाळीकडे, उतार नीट देता येतो आणि जास्त सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. 4 फुटांमागे निदान अर्धा इंच उतार असलाच पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचून सुंदर रंगसंगतीवर शेवाळ धरते.

जुन्या इमारतीत शहाबादी किंवा कोटा फरशी असेल आणि ती फुटलेली नसेल, तर ती उखडण्याची घाई करू नये. शहाबादीचा राखाडी आणि कोट्याचा हिरवट-निळसर राखाडी हे मिंटचे मुळातलेच सोबती आहेत. अशा फरशीचे सांधे साफ करून पुन्हा भरले, तरी अर्धे काम झाले असे समजावे.

आता मिंट. या एका नावाखाली दुकानात दोन प्रकारच्या छटा मिळतात. एक निळ्याकडे झुकते, दुसरी पिवळ्याकडे, म्हणजे जवळजवळ पिस्त्याकडे. राखाडीतही निळसर आणि मातकट असे दोन प्रकार असतात. निळसर मिंट निळसर राखाडीबरोबर आणि पिस्त्याकडे झुकणारा मिंट मातकट राखाडीबरोबर घ्यावा; जोडी उलटी लागली, तर मिंट मळकट दिसतो आणि दोष कुठे आहे हे पटकन लक्षात येत नाही. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली हा फरक कळत नाही. म्हणून दोन्ही टाइलचे नमुने घरी आणावेत, बाथरूमच्या भिंतीला टेकवून उभे करावेत, आणि सकाळच्या उजेडात, रात्री दिव्याखाली व पाणी मारून असे तीनदा पाहावेत. दिव्याचा उजेड पिवळसर की पांढरा, हे केल्विनच्या आकड्यात सांगतात. दिवा 4000 केल्विनचा असेल, तर दोन्ही रंग खरे दिसतात. 2700 केल्विनच्या पिवळ्या उजेडात मिंट पिस्त्यासारखा होतो, तर 6500 केल्विनच्या पांढऱ्याफेक उजेडात राखाडी निळा आणि थंड वाटतो. फार लोक टाइलवर भरपूर खर्च करतात आणि दिवा मात्र हाताला येईल तो लावतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कोणता रंग कोणत्या भिंतीवर घ्यायचा, हे खोलीच्या आकारावरून ठरते. लांबट बाथरूममध्ये दारासमोरची 4 फुटांची आखूड भिंत जमिनीपासून वरपर्यंत राखाडी ठेवावी. गडद रंग डोळ्यांना जवळ भासतो, त्यामुळे खोलीचा बोळासारखा लांबटपणा कमी होतो. शॉवर किंवा नळ बहुधा याच भिंतीवर असतो, म्हणजे सर्वाधिक शिंतोडेही राखाडीवरच उडतात. दोन्ही लांब भिंती मिंटच्या घ्याव्यात, म्हणजे खिडकीच्या काचपट्ट्यांतून येणारा उजेड त्यांच्यावर पसरतो आणि रुंदी वाढल्यासारखी वाटते. 7 फुटांपर्यंत टाइल लावल्यावर वरचा भाग आणि छत पांढरे ठेवावे. तिथे टाइलशी जुळणारा मिंट रंग लावण्याचा मोह टाळावा, कारण रंग आणि टाइल यांची छटा कधीच तंतोतंत जुळत नाही आणि तो फरक कायम डोळ्यांत खुपतो. वरच्या भागाला बुरशीरोधक रंगच द्यावा. पावसाळ्यात तिथेच काळे ठिपके पहिल्यांदा दिसू लागतात.

दुकानदार बहुतेक वेळा फिकट, गडद आणि हायलायटर असा संच दाखवतात. फुले, गोटे किंवा लाटा छापलेली हायलायटर टाइल या रंगसंगतीत घेऊ नये. लहान बाथरूममध्ये नजर विसावायला मोकळी भिंत लागते, आणि छापील चित्र काही वर्षांत जुनाट दिसू लागते.

वर सांगितलेल्या मापाचा हिशोब असा होतो. चारही भिंतींची एकूण लांबी 22 फूट, उंची 7 फूट, म्हणजे 154 चौरस फूट. अडीच फुटी दाराचे साधारण 17 चौरस फूट वजा केले, की 137 उरतात. त्यांपैकी 28 राखाडी भिंतीचे आणि बाकी सुमारे 109 मिंटचे. जमिनीला आणखी 28 चौरस फूट राखाडी लागेल. या सगळ्यावर कापाकापीसाठी 10 टक्के जास्त घ्यावे आणि शिवाय प्रत्येक रंगाच्या चार-पाच टाइल माळ्यावर ठेवाव्यात, कारण पुढे कधी नळ दुरुस्तीसाठी भिंत फोडावी लागली, तर तीच छटा मिळण्याची खात्री नसते. आपल्याकडच्या पुष्कळ टाइल गुजरातमधल्या मोरबीहून येतात आणि एकाच डिझाइनच्या दोन खेपांतही छटा बदलते. म्हणून सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे, हे माल उतरवून घेतानाच तपासावे.

टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून, जमिनीवर निदान 24 तास पाणी साठवून, खालच्या घरात ओल येत नाही हे पाहावे. सोसायटीची परवानगीही आधीच घ्यावी. सांध्यांसाठी 2 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे टाइलमधले अंतर सारखे ठेवणारे तुकडे, आणि राखाडी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, वापरावे. पांढरे ग्राउट मिंटबरोबर पहिले काही महिने छान दिसते, मग पिवळे पडते. नळाच्या भिंतीवर आणि जमिनीवर इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचे) ग्राउट महाग असले तरी भरावे, कारण ते पाणी शोषत नाही. मात्र त्याचा पातळ थर टाइलवर वाळण्याआधी कारागिराकडून पुसून घ्यावा. एकदा कडक झाला, की तो निघता निघत नाही.

भाड्याच्या घरात टाइल बदलता येत नाहीत, तरी निराश व्हायचे कारण नाही. लहान बाथरूममध्ये लाल बादली, निळा मग, गुलाबी साबणदाणी आणि हिरव्यागार दांड्याचा ब्रश एवढ्या चार वस्तूच सगळा रंग ठरवतात. बादली स्टीलची किंवा राखाडी घ्यावी, मग आणि पाय ठेवायचा पाट त्याच रंगाचा घ्यावा, आणि मिंट फक्त टॉवेल, पडदा आणि पायपुसण्यात आणावा. घरात आजीचे तांब्याचे घंगाळ पडून असेल, तर ते जरूर बाहेर काढावे. या दोन थंड रंगांत तांब्याची ऊब अतिशय खुलते. फक्त ते चिंच किंवा लिंबू लावून नियमित घासावे लागेल.

रंग टिकवायचे असतील, तर आंघोळीनंतर भिंतीवर आणि जमिनीवर वायपर फिरवावा आणि एक्झॉस्ट फॅन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. क्षारांचे डाग पडलेच, तर पाण्यात मिसळलेले व्हिनेगर टाइलवर थोडा वेळ ठेवून धुवावे. बाजारात मिळणारे तीव्र ॲसिड कधीही ओतू नये: ते सिमेंटचे ग्राउट खाते आणि नळांचा मुलामा घालवते. शहाबादी व कोटा हे चुनखडीचे दगड असल्यामुळे त्यांना तर व्हिनेगरही चालत नाही. तिथे सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रशच वापरावा.