'तू धंदेवाली, तुझी कसली कम्प्लेंट' असं पोलीस म्हणाले तर काय करायचं

आधी एक कागद ओळखायला शिका. मार खाऊन बाई पोलीस स्टेशनला जाते, तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात चिठ्ठी देतात, तिला वाटतं केस झाली आणि ती घरी येते. केस झालेली नसते! एनसीवर कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. बलात्कार, कोंडून ठेवणं, धमकी देऊन पैसे उकळणं, यांची एफआयआरच झाली पाहिजे, आणि तिची कॉपी फुकट मिळते, मागून घ्यायची.

पैसे एकाचे ठरले आणि खोलीत तिघे घुसले, किंवा नको म्हटल्यावर जबरदस्ती केली, तर तो बलात्कारच. तुम्ही आधी कुणाबरोबर गेलात हे संमतीच्या मुद्द्यावर कोर्टात चालत नाही. जबाब लेडी ऑफिसरनेच घ्यायचा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणा, ती कुठल्याही स्टेशनला होते. बलात्काराची तक्रार लिहूनच घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली त्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे, आणि तक्रार पोस्टाने एसपी किंवा कमिशनरकडे पाठवता येते, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. (हे कलम नुसतं तोंडावर म्हणून दाखवलं तरी कधीकधी साहेबांचा आवाज उतरतो.)

त्याआधी हॉस्पिटल. सरकारी असो की प्रायव्हेट, अशा केसमध्ये उपचार फुकट द्यावेच लागतात, एफआयआर आणा मग बघू असं म्हणता येत नाही. शक्यतो आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून न्या. एचआयव्हीची भीती असेल तर पेपच्या गोळ्या (लागण होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, म्हणून स्टेशनच्या बाकावर रात्र घालवू नका.

आता रेड. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, ज्याला सगळे पिटा म्हणतात, त्यात सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं धंदा करणं हा गुन्हा नाहीये, मुंबई हायकोर्टानं 2020 मध्ये हेच सांगून तीन बायकांना सोडायला लावलं. गुन्हा आहे तो अड्डा चालवणं, दलाली, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं, आणि देऊळ, शाळा, हॉस्पिटल वगैरेपासून 200 मीटरच्या आत धंदा करणं. म्हणजे बाई अगदीच सुटलेली नाही, बोलावण्याच्या कलमाखाली तिला पकडतात. रेडमध्ये किमान दोन महिला पोलीस लागतात आणि चौकशी बाईनेच करायची. मॅजिस्ट्रेटपुढे नेलं की वय, मर्जी, कुठे जायचंय, हे स्पष्ट बोला, गप्प बसलात की सुधारगृहात रवानगी होते.

सुप्रीम कोर्टाची 19 मे 2022 ची ऑर्डर व्हॉट्सअपवर फार फिरते, 'आता पोलीस हातच लावू शकत नाहीत' म्हणून. तसं नाहीये. रेडमध्ये बाईला अटक करू नये ही कोर्टानंच नेमलेल्या समितीची शिफारस होती आणि केंद्रानं त्यावर हरकत घेतली होती, तेव्हा त्या भरवशावर पोलिसांशी वाद घालू नका. पण कंडोम सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही, शिवीगाळ मारहाण करायची नाही, लैंगिक अत्याचार झालेल्या बाईला लगेच उपचार द्यायचे, पेपरवाल्यांनी फोटो किंवा नाव छापायचं नाही, हे त्या ऑर्डरमध्ये पक्कं आहे. आणि अठराच्या खालची मुलगी असेल तर मर्जीचा प्रश्नच येत नाही, तिथे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), 1098 ला फोन करा.

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट उचलीची. घरवाली, म्हणजे अड्डा चालवणारी, म्हणते पन्नास हजार उचल घेतलीस, फेडल्याशिवाय जायचं नाही, आणि दागिने, पैसे, कपडे स्वतःच्या कपाटात ठेवते. पिटाच्या कलम 6 मध्ये सरळ लिहिलंय की बाईनं तिथेच राहावं म्हणून तिचे पैसे, दागिने, सामान अडकवलं तर तिला डांबून ठेवलंय असंच धरायचं, आणि शिक्षा सात वर्षांपासून पुढे. शिवाय 'मी तुला दागिने दिले होते' म्हणून घरवालीला तुमच्यावर कोर्टात वसुलीचा दावाही टाकता येत नाही. म्हणजे ज्या केसची भीती घालतात ती केस कायद्यानं उभीच राहत नाही. तक्रार करताना 'उचल फेडायची होती' एवढंच सांगू नका, 'माझं सामान अडकवून मला जाऊ दिलं नाही' हे शब्द लिहून घ्यायला लावा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला कमाई कितीही असली तरी सरकारकडून वकील मोफत मिळतो, जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर 15100 लावा. तातडीनं 112, बायकांसाठी 181. आणि आधार कार्ड नसेल तर पत्त्याच्या पुराव्यावाचून अडू नका, राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रोजेक्ट डायरेक्टरच्या सर्टिफिकेटवर ते निघतं, एनजीओच्या ताईला सांगितलं की ती फॉर्म आणून देते, आणि कार्डावर धंद्याचा उल्लेख कुठेच येत नाही.