४एस आधी भरतो, आणि आधी रिकामाही तोच होतो

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. २, ८, ८, २ ही कॅल्शिअमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी झोपेतून उठवलं तरी सांगता यायची. अकरावीला माध्यम इंग्रजी झालं आणि कॅल्शिअमच्या शेजारच्याच घरात, स्कँडिअमपाशी, गाडी अडली. ४एस, ३डी हे कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा; आकडा कवचाचा. बाहेरचा ४एस भरून झाल्यावर एकविसावा इलेक्ट्रॉन मागे वळून आतल्या ३डी मध्ये का जातो? कळेना, म्हणून पहिल्या १८ इलेक्ट्रॉनांऐवजी आर्गॉनचा कंस टाकून सगळं पाठ करत सुटले.

बारावीत एका चाचणीत फेरस आयनाचं, म्हणजे लोखंडाच्या +२ आयनाचं, संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) आलं. लोखंडाचा अणुअंक २६, म्हणजे आर्गॉनच्या १८ नंतर ३डी मध्ये ६ आणि ४एस मध्ये २. दोन इलेक्ट्रॉन काढायचे होते. मी शेवटी भरलेले, डी मधले दोन काढले. उरले ३डी मध्ये ४, ४एस मध्ये २. खाली लिहिलं: अयुग्मित (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन ४ आणि त्यांच्यावरून काढलेलं मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चुंबकत्वाचं माप, ४.९० बोर मॅग्नेटॉन. मोमेंट बरोबर, संरूपण साफ चूक! डी मध्ये ४ असोत की ६, एकटे इलेक्ट्रॉन चारच राहतात, त्यामुळे चूक लपून गेली. कोबाल्टने ती उघडी पाडली. त्याच्या +२ आयनात माझ्या पद्धतीने ५ अयुग्मित आले. खरे असतात ३, कारण जातात ते ४एस मधले दोन, आणि डी मधले सातही जागेवर राहतात. म्हणून सांगते, हा सराव लोखंडापेक्षा कोबाल्टवर करा.

‘आधी ४एस भरतो’ हे इतक्यांदा कानावर पडतं की तोच जास्त घट्ट धरलेला असणार असं वाटतं. पोटॅशिअम आणि कॅल्शिअममध्ये त्याची ऊर्जा खरोखर कमी असते. पण केंद्रकाचा प्रभार वाढतो तसा ३डी भराभर खाली सरकतो. मग सगळे तिथेच का जात नाहीत? कारण डी कक्षक केंद्रकाजवळ आटोपशीर असतात. तिथे गर्दी झाली की इलेक्ट्रॉन एकमेकांना जोराने ढकलतात. त्यामुळे उदासीन अणूत बहुधा दोघे बाहेरच्या ऐसपैस ४एस मध्ये राहतात आणि आयन होताना तेच पहिले निघतात. स्कँडिअमच्या +२ आयनात उरलेला एकुलता एक इलेक्ट्रॉन ३डी मध्ये असतो, ४एस मध्ये नाही. हे कळल्यापासून मी वहीत ३डी आधी आणि ४एस नंतर लिहिते आणि उजवीकडून काढत जाते. हात चुकत नाही.

क्रोमिअम (३डी मध्ये ५, ४एस मध्ये १) आणि तांबं (१० आणि १) पाठच करा. ‘अर्धा किंवा पूर्ण भरलेला डी स्थिर’ हे कारण परीक्षेत लिहा, पण आवर्तसारणीतल्या खालच्या ओळींना डोळे झाकून लावू नका. क्रोमिअमच्याच गणातलं (उभ्या रांगेतलं) टंगस्टन ५डी मध्ये ४ आणि ६एस मध्ये २ असंच राहतं. पॅलेडिअम तर ५एस रिकामा ठेवून ४डी मध्ये १० भरतं.

मला हे सगळं खरं वाटलं ते प्रॅक्टिकलच्या टेबलावर. फ्लास्कमध्ये मोहर सॉल्टचं (फेरस आयन असलेल्या क्षाराचं) फिकट हिरवट द्रावण आणि विरल सल्फ्युरिक आम्ल, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि कॉक असलेल्या नळीत, जांभळं पोटॅशिअम परमँगनेट. थेंब पडतो, जांभळी रेघ उमटते, फ्लास्क फिरवला की विरून जाते. फेरस आयन सहातला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होतो, त्याच्याकडे पाच उरतात. परमँगनेटातलं मँगनीज +७, त्याच्याकडे डी इलेक्ट्रॉन एकही नाही, ते पाच घेऊन +२ होतं. म्हणून समीकरणात एका परमँगनेटला पाच फेरस! शेवटी दोघेही डी-पाचावर येऊन थांबतात.

रंगाचंही तसंच. मँगनीजच्या +२ आयनातल्या पाचही इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेची असते. एकाला दुसऱ्या डी कक्षकात उडी घ्यायची तर फिरकी उलटावी लागते, आणि ते क्वचित घडतं. त्यामुळे हा आयन जवळजवळ रंगहीन दिसतो. परमँगनेटचा गडद जांभळा मात्र डी इलेक्ट्रॉनांचा नाहीच. प्रकाश शोषताना ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे जातो, त्यातून तो रंग येतो.

एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा फिरवूनही जात नाही. तिथे कॉक बंद करा. द्रावण गडद असल्याने ब्युरेटमध्ये द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, रीडिंग वरच्या कडेचं घ्या.